शान प्रदर्शन

लग्न होऊन मी लातूरला आले तेव्हा मला कुत्र्याची लई भीती वाटायची. माहेर मुदखेडचं. वडील रेल्वेत गँगमन, आमची खोली रुळाच्या कडेला. इंजिनाची कधी भीती वाटली न्हाई, पण स्टेशनावरच्या कुत्र्यानं नुसती शेपूट जरी हलवली तरी मी वडलांच्या मागं. आणि सासरी येऊन बघते तर अंगणात लिंबाच्या झाडाला हे एवढं उंच, पोट पाठीला लागलेलं, हरणाच्या पायाचं कुत्रं बांधलेलं. मी सासूबाईंना हळूच विचारलं, "आत्या, हे उपाशी हाय का हो?"

तर भिंतीच्या पलीकडून कुणीतरी मोठ्यानं हसलं. "उपाशी न्हाई बेटी, कारवानी हाय! त्याची कंबर अशीच असती. मुदखेडात तू नुसत्या म्हशीच बघितल्या का काय?"

ते आमचे शेजारी, चाचा. जातीचे पिंजारी. गाद्या-रजया भरायच्या, जुना कापूस पिंजून द्यायचा. त्यांच्या अन् आमच्या घरात एकच भिंत, तीही कमरेएवढी. कुत्री त्यांची, अंगण आमचं, असा तो कारभार होता. कारण चाचींनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं की जिथं नमाज पढायची तिथं कुत्रं चालायचं न्हाई. चाचांनी वाद घातला न्हाई. कुत्री उचलली आणि भिंतीवरून माझ्या सासूबाईंच्या अंगणात ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "ठिवा. चोराची तरी चिंता मिटली." तेव्हापासून चाची रोज भिंतीशी येऊन विचारायच्या, "क्या गे, मेरी सौतन कू खाना डाले क्या?" आणि सवतीसाठी मटणाच्या सालनातली, म्हणजे रश्श्यातली हाडं एका फुटक्या बशीत घालून भिंतीवर ठेवायच्या. स्वतः मात्र बोटभरही पुढं यायच्या न्हाईत.

आता चाचांना कुत्र्याचा नाद लागला कसा, ते सांगते. ते त्यांच्याच तोंडून मी इतक्या वेळा ऐकलंय की मला पाठ झालंय. तरुणपणी ते थंडीच्या तोंडाला धुनकी खांद्यावर घेऊन गावोगाव फिरायचे. धुनकी म्हणजे कापूस पिंजायचं ते लांब धनुष्य, आतड्याच्या दोरीची तात ताणलेलं. अहमदपूर, नायगाव, पार देगलूरपर्यंत. वेशीत शिरलं की हाळी द्यायची, "पिंजाऽऽर! गादी-रजईऽऽ पिंजाऽऽर!" आणि हाळी ऐकली की गावातली समदी कुत्री अंगावर धावून यायची. एकतर अनोळखी माणूस, त्यात खांद्यावर ते टँव टँव वाजणारं लाकूड. चाचा म्हणायचे, "बेटी, लोकं मास्तराला भिऊन शाणी होतेत, मी कुत्र्याला भिऊन शाणा झालो. कुठलं नुसतं भुंकतंय, कुठलं खरंच चावतंय, कुठलं भाकर टाकली की गप्प होतंय, हे वेशीतच वळखू आलं पाहिजे, न्हाईतर धोतर फाटतंय."

वळखता वळखता नजर बसली. लांब मानेचं, बारीक कातडीचं, उन्हात वाऱ्यासारखं पळणारं कारवानी कुत्रं दिसलं की ते धुनकी खाली ठेवून त्याच्याकडंच बघत बसायचे. नांदेडकडं खंडोबाच्या जत्रेत रजया विकायला जायचे तर तिथं जनावरांचा बाजार. बैलांच्या रांगा लागायच्या, घोड्यांच्या लागायच्या. कुत्र्यांना मात्र लोक देवाचं वाहन म्हणून हळद लावायचे आणि सोडून द्यायचे. चाचांना ते बघवेना. एका साली त्यांनी रजयांचं दुकान तसंच उघडं टाकलं आणि चार कुत्रेवाल्यांना हाताला धरून एका रांगेत उभं केलं. दात दाखवा, पाय दाखवा, चालवून दाखवा. जिंकला त्याला स्वतःच्या दुकानातली रजई! पुढच्या साली रांग वाढली. मग नायगावच्या बाजारात, मुदखेडला, उदगीरला, जिथं म्हणून जनावरं जमतील तिथं चाचा जाऊन रांग लावायचे. नियम त्यांनीच केले. काठी दाखवायची न्हाई, साखळी ओढायची न्हाई, कुत्रं धन्याच्या नुसत्या शब्दावर चाललं पाहिजे. लोक त्यांना 'कुत्र्यांचा लीडर' म्हणायचे. चिडवायला म्हणायचे, पण चाचांनी ते नाव पदवीसारखं घेतलं. चाची म्हणायच्या, "बस, रजायां बांटते फिरो कुत्त्यों कू. मैं थंडी में काँपती बैठूं."

त्यांची एकच इच्छा होती, बघा. सरकारी पशुप्रदर्शनात देवणी वळू जिंकला की भोंग्यावरून पुकार व्हायची, "पहिला नंबर, वळू, जात देवणी, गाव अमुक अमुक!" आणि सगळं मैदान माना वळवून बघायचं. चाचांना वाटायचं, अशी पुकार एकदा कुत्र्याची व्हावी. जत्रेतली रांग ही त्यांची स्वतःची होती. सरकारच्या तोंडून कुत्र्याचं नाव अजून कधी निघालं नव्हतं.

मग लातूरचा वेगळा जिल्हा झाला. काय सांगू, गावात कशी हवा होती! नवे बोर्ड, नव्या कचेऱ्या, नवे साहेब. आमचे हे कचेरीत कारकून, त्यांना तर वाटायचं जिल्हा त्यांच्या टेबलावरच ठेवलाय. आणि त्याच सुमाराला पावसानं तोंड फिरवलं. विहिरी आटल्या. आम्ही बाया टँकरच्या मागं घागरी घेऊन धावायचो, तांदूळ धुतलेलं पाणी कुत्रीला, भांडी विसळलेलं पाणी लिंबाला. गावाबाहेर माळावर जनावरांची छावणी पडली. खेड्यापाड्यातले लोक बैलगाड्या घेऊन तिथंच येऊन राहिले.

नव्या जिल्ह्याचं पहिलं पशुप्रदर्शन त्या छावणीच्या शेजारीच भरवायचं ठरलं. जनावरं आयती जमलेली, आणि लोकांना जरा हुरूप येईल म्हणून. जनावरांचे डॉक्टर मोठे भले माणूस, चाचांना मानायचे. ते स्वतः आमच्या अंगणात आले. म्हणाले, "चाचा, मी साहेबांच्या मागं लागून कुत्र्यांचं रिंगण मंजूर करून घेतलंय. पण एक सांगतो. रांग भरली पाहिजे. मोठे साहेब आले आणि रिंगण रिकामं दिसलं तर ह्या जिल्ह्यात पुन्हा कुत्र्याचं नाव कागदावर यायचं न्हाई. मलाही मग बोलता येणार न्हाई."

चाचा म्हणाले, "डॉक्टरसाब, रांग भरायची जबाबदारी माझी."

डॉक्टर गेल्यावर आमचे हे हसून मला म्हणाले, "गाडीखालचं कुत्रं बघितलंस का? गाडीच्या सावलीत चालतं अन् त्याला वाटतं गाडी आपणच ओढतोय. चाचांचं तसं झालंय. त्यांना वाटतंय जिल्हा तेच ओढून राहिलेत."

मला राग आला. "तुम्हाला बी तसंच वाटतंय की," मी म्हटलं. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

एव्हाना मी आले तेव्हाची ती कुत्री म्हातारी होऊन गेली होती आणि तिची लेक माझ्याच हाताखाली वाढली होती. भीती कुठं गेली ते कळलंही न्हाई. तिला आम्ही नुसतं 'पोरी' म्हणायचो. चाचांचा गुडघा धरलेला, त्यांना पळता येईना, म्हणून रिंगणात पोरीला मी पळवायचं असं ठरलं. सासूबाईंनी हो म्हटलं म्हणून. आंघोळ घालायला पाणी कुठलं? तर चाचांनी ज्वारीचा कोंडा मागवला. कोंड्यानं तिचं अंग चोळायचं, झटकायचं, आणि मग रजईच्या साटनच्या तुकड्यानं पुसायचं. अशी लखलखायची म्हणता! चाची भिंतीवरून बघून म्हणाल्या, "मेरे निकाह में मेरे कू इत्ता नै सजाए."

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात गल्लीत ऑटो फिरला, वर भोंगा. त्याचा आवाज असा फाटका की निम्मं ऐकू येईना. "छावणीच्या माळावर... भव्य शान प्रदर्शन! सर्वांनी आपली शान घेऊन यावे होऽऽ!"

मी बाहेर आले तर चाचा रस्त्यात उभे, डोळे भरलेले. "ऐकलंस बेटी? शान! सरकारनं नाव काय ठेवलंय बघ. मी जन्मभर कुत्रं कुत्रं म्हणून राहिलो, आणि हे म्हणतेत शान. सरकारला बी कळलं कारवानी म्हणजे काय ते!"

सासूबाई म्हणाल्या, "मग तुम्ही आता गावोगाव जाऊन सांगणार का न्हाई?"

"कशाला? आयुष्यभर मी हाळी दिली. आता सरकार माझ्यासाठी हाळी देऊन राहिलंय. मी घरी बसून ऐकतो की जरा."

आणि खरंच बसले. रोज दाराशी खुर्ची टाकून ऑटोची वाट बघायचे.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आम्ही माळावर गेलो. चाचा, मी, सासूबाई आणि साटनसारखी चमकणारी पोरी. चाचींनी घरूनच निरोप दिला. माळावर ही गर्दी! बैलगाड्यांच्या रांगाच रांगा. चाचांची छाती फुगली. "बघ, लोकं आलेत!"

लोक आले होते खरे. एकजण नवी मोटरसायकल ढकलत आलेला, टाकीत तेल नसावं. एक नवरानवरी लग्नातल्याच कपड्यात, नवऱ्याच्या डोक्याला अजून बाशिंग. एका म्हाताऱ्यानं मिशांना तूप लावून पीळ भरलेला. एका पैलवानानं भर गर्दीत सदरा काढून ठेवलेला. एकाच्या काखेत झुपकेदार शेपटीचा कोंबडा. आणि एक म्हातारी, नऊवारी, कपाळ कोरं, डोक्यावर घासून लखलखीत केलेला पितळेचा हंडा घेऊन उभी, काठोकाठ पाण्यानं भरलेला.

चाचा सगळ्यांकडं बघत राहिले. मग म्हाताऱ्याला विचारलं, "पाव्हणं, कुत्रं कुठंय?"

"कुत्रं? कसलं कुत्रं?" म्हाताऱ्यानं मिशीवरून हात फिरवला. "शान प्रदर्शन हाय म्हणले. ही घ्या माझी शान!"

माझ्या डोक्यात तेव्हाच लख्ख उजेड पडला. मंडपावर कापडी बोर्ड लावला होता. मी चौथी शिकलेली, पण पावसाळ्यात वर्षावासाला बुद्धविहारात ग्रंथ वाचायला बसून बसून माझं वाचन सुधारलं होतं. मी अक्षर अक्षर जुळवलं. "चाचा, शान न्हाई हो लिहिलेलं. 'श'ला 'व' हाय जोडलेला. श्वा-न."

"म्हणजे काय?"

आमचे हे कचेरीचं काम म्हणून तिथंच खुर्च्या मांडत होते. ते म्हणाले, "श्वान म्हणजे कुत्रा."

"मग सरळ कुत्रा का लिहीत न्हाईत?" मी म्हटलं.

"सरकारी कागदावर कुत्रा चालत न्हाई."

चाचा मंडपाच्या खांबाला धरून उभे राहिले. रिंगणात दोनच कुत्री. एक आमची पोरी. दुसरं एका साहेबाच्या बायकोच्या मांडीवरचं पांढरं, लोकरीचं, बाहुलीएवढं. त्या बाईंना श्वान म्हणजे काय ते ठाऊक होतं. डॉक्टर घाम पुसत आले. "चाचा, हे काय? मोठे साहेब वळूंच्या रिंगणात पोचले. तिथून इकडंच येणार. रांग कुठंय?"

"डॉक्टरसाब," चाचांचा आवाज एवढासा झालेला, "मी घरी बसून राहिलो. गावोगाव जायला पाहिजे होतं."

मला ते बघवेना. इतक्यात पोरीनं माझ्या हाताला हिसका दिला. ती कधी ओढायची न्हाई, पण आता गाड्यांकडं नाक करून ओढायला लागली. मी तिच्यामागं गेले. एका गाडीपाशी तिनं मान खाली घातली, म्हणून मीही वाकून बघितलं. गाडीच्या आसाखाली, सावलीत, जीभ बाहेर काढून एक कुत्रं पसरलेलं. शेजारच्या गाडीखाली वाकले, तिथं एक. त्याच्या पुढं दोन. माझ्या डोक्यात ह्यांचीच ती म्हण वाजली, आणि मी पळत मागं आले.

"चाचा! गाडीखाली बघा! समदी आलीत! गाडीच्या मागं मागं चालत आलीत!"

"किती गाड्यांखाली वाकणार बेटी? माझा गुडघा..."

"वाकू नका. हाळी द्या."

"काय?"

"तुमची हाळी द्या, चाचा! पिंजाऱ्याची! जन्मभर अंगावर धावून आलीत ना? मग आज न येऊन कुठं जातील?"

चाचांनी खांब सोडला. मग मंडपातून पुढं आले, हात कानाला लावला, मान वर केली आणि अशी हाळी दिली, अशी दिली, की नवरदेवाचं बाशिंग हललं. "पिंजाऽऽऽर! गादी-रजईऽऽ पिंजाऽऽऽर!"

आधी एका गाडीखालून 'भू' झालं. मग दुसरीखालून. मग सगळा माळच भुंकायला लागला! गाडीगाडीखालून कुत्री बाहेर पडली, कान ताठ, शेपट्या वर, आणि निघाली चाचांच्या दिशेनं. साहेबाच्या बायकोच्या मांडीवरच्या बाहुलीलाही चेव आला, तीही भुंकायला लागली. मागून धनी धावले. "अय, थांब, थांब!" चाचा दोन्ही हात पसरून मधोमध उभे आणि रडता रडता हसत ओरडत होते, "पकडा! पकडा आपापलं! रांगेत उभी करा! हीच तुमची शान, येड्यांनो, हीच!"

एकजण म्हणाला, "हे? हे तर नुसतं राखणीचं हाय, चाचा. ह्याला काय दाखवायचं?"

"दात दाखव! पाय दाखव!"

रांग भरली. मिशीवाल्याचं होतं, मोटरसायकलवाल्याचं होतं, पैलवानाचं तर दोन. पण उन्हानं आणि भुंकून कुत्र्यांच्या जिभा लोंबायला लागल्या, आणि माळावर पाणी फक्त बैलांच्या हौदात, तिथं पहारा. सासूबाई हंड्याच्या म्हातारीजवळ गेल्या. "बाई, तुमच्या हंड्यातलं घोट घोट पाजता का?"

म्हातारीनं हंडा दोन्ही हातांनी धरला. "कुत्र्याला? आमच्या अख्ख्या शिवारात फक्त माझ्या विहिरीला पाणी हाय. ही माझी शान हाय, बाई!"

"मग शान दाखवायची ही वेळ न्हाई का?" सासूबाई म्हणाल्या.

म्हातारी जरा घुटमळली. मग तिनं हंडा खाली उतरवला. चाचांनी मंडपातलं परातीसारखं काहीतरी आणलं, आणि रांगेतल्या प्रत्येक कुत्र्याला पाणी पाजलं. बाहुलीलाही.

मोठे साहेब आले तेव्हा रिंगण गच्च भरलेलं. डॉक्टरांनी एकेकाचे दात बघितले, पाय बघितले, पाठीवरून हात फिरवला. मग पळवायची वेळ. मी पदर खोचला आणि पोरीला घेऊन अशी पळाले की सासूबाईंनी नंतर महिनाभर गल्लीत सांगितलं. पोरी वाऱ्यासारखी चालली. मला वाटलं, झालं, पहिला नंबर आपलाच.

शेवटी हंड्यावाल्या म्हातारीचं कुत्रं राहिलं. तपकिरी, एक कान फाटलेला, पण कारवानी अस्सल. म्हातारी म्हणाली, "चल रं." ते हलेना. "चल की मुडद्या!" तरी हलेना. लोक हसायला लागले. तेव्हा एकदम तिला काहीतरी सुचलं. तिनं तो रिकामा हंडा उचलून डोक्यावर ठेवला आणि चालायला लागली. तसं कुत्रं उठलं आणि तिच्या पावलाला पाऊल लावून, मान ताठ धरून चाललं. ना साखळी, ना हाक. रोज विहिरीवर जाताना चालत असेल तसंच. लोक हसायचे थांबले.

डॉक्टर म्हणाले, "चाचा, पोरीची चाल मोठी की ह्याची? तुमचा नियम आहे, तुम्हीच सांगा."

चाचांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "नियम असा हाय साहेब, की कुत्रं शब्दावर चाललं पाहिजे. आणि हे तर शब्दाबिगर चाललं." माझ्याकडं वळून डोळा मिचकावला. "बेटी, दुसरा नंबर बी नंबरच असतो."

भोंगेवाल्यानं कागद घेतला. "पहिला नंबर, श्वा..."

चाचांनी भोंग्यावर हातच ठेवला. "बाबा, तेवढं श्वान नको म्हणू. श्वान म्हणलं की लोकं मोटरसायकली घेऊन येतेत. कुत्रं म्हण!"

भोंगेवाल्यानं मोठ्या साहेबांकडं बघितलं. साहेब हसले, मान हलवली. आणि मग ती पुकार झाली, सगळ्या माळावर, पार वळूंच्या रिंगणापर्यंत: "पहिला नंबर! कुत्रं! जात कारवानीऽऽ!" पुढं म्हातारीच्या गावाचं नाव. चाचांनी डोळे मिटून ऐकलं. मग हळूच म्हणाले, "पुन्हा एकदा म्हण." त्यानं पुन्हा म्हटलं.

घरी आलो तर चाची भिंतीशी. "क्या हुआ? जीती क्या मेरी सौतन?"

"दूसरी आयी," चाचा म्हणाले.

"दूसरी ही तो है," चाची म्हणाल्या, आणि आम्ही समदे हसून हसून खाली बसलो. त्या दिवशी बशीत हाडं नव्हती, अख्खी कलेजी होती. आणि बशी भिंतीवर ठेवून त्या गेल्या न्हाईत. पोरी खाईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

त्यानंतर कुत्र्यांचं रिंगण कागदावर राहिलं ते राहिलंच. कागदावर काहीही लिहोत, आमच्याकडचे लोक त्याला अजून शान प्रदर्शनच म्हणतात, आणि दरसाली कुणीतरी नवखा मोटरसायकल घेऊन येतोच. चाचा मात्र ऑटोवर पुन्हा कधी विसंबले न्हाईत. गुडघ्याला पट्टा बांधून एसटीनं गावोगाव जायचे, वेशीत उतरून हाळी द्यायचे, आणि जे भुंकत पुढं येईल त्याच्या धन्याला तारीख सांगायचे. म्हातारपणी खाटेवर पडले तेव्हा नायगावपर्यंतचे लोक आपापली कुत्री घेऊन भेटायला यायचे, आणि आमचं अंगण पुरायचं न्हाई. चाची त्या सगळ्या सवतींना भिंतीवरून नावं ठेवायच्या.

आता दोघंही न्हाईत. त्यांची धुनकी माझ्याकडं हाय, तात तुटलेली. पोरीच्या नातवाचं पोर लिंबाखाली झोपलेलं असतं. आजकाल गादीवाले टेम्पोतून येतात, रेकॉर्ड केलेली हाळी लावतात. तरी ती गल्लीत वाजली की आमचं हे येडं उठून दारापर्यंत भुंकत जातं. सून म्हणते, "आई, गप्प करा की त्याला." मी म्हणते, "भुंकू दे बाई. ह्याच्या खानदानाची सारी रांग त्या हाळीवरच उभी राहिलीय."